ऊर्जा कार्यक्षमता, नवीकरणीय ऊर्जा आणि भारताचे हरितगृह वायू उत्सर्जन

देशाला ऊर्जा किती लागते आणि ती कशापासून मिळते, यावर त्याच्या ऊर्जाक्षेत्राचे उत्सर्जन ठरते. कार्यक्षमतेने गरज घटते. नवीकरणीय स्रोतांमुळे प्रत्येक युनिटमागचा कार्बन घटतो. भारताच्या अधिकृत अहवालानुसार २०२० साली देशाचे उत्सर्जन (जंगलांनी शोषलेला भाग वजा न करता) सुमारे २९६ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके होते. त्यातला तीन-चतुर्थांश वाटा ऊर्जेचा होता.

आपल्या ग्रिडमधल्या (देशभरच्या वीजजाळ्यातल्या) एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी ९ वॅटचा एलईडी लावून तो रोज चार तास वापरला, तर वर्षाला सुमारे ७४ युनिट, म्हणजे ५० किलोंहून अधिक उत्सर्जन वाचते. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून असे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. घाऊक सरकारी खरेदीमुळे तीनशेच्या वर असलेला खरेदीदर दोनेक वर्षांत चाळीस रुपयांखाली आला. किती वीज वाचते हे दाखवणारे उपकरणांवरचे तारांकन (२००६) आणि मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य देणारी ‘पॅट’ योजना (२०१२) याच वाटेवरची. न जळालेला कोळसा कुठे दिसत नाही, म्हणून या कामाला सौर प्रकल्पांइतके कौतुक लाभत नाही. ते लाभायला हवे.

नवीकरणीय ऊर्जेचे आकडे वाचताना क्षमता आणि निर्मिती यांत गल्लत करू नये. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म (कोळसा, वायू, तेल न जाळणारी) झाली. प्रत्यक्ष विजेत मात्र कोळशाचाच वाटा सर्वांत मोठा राहिला, कारण सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीने क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच वीज देतो आणि संध्याकाळी मागणी चढते तेव्हा तो बंद असतो. ही दरी भरायला बॅटऱ्या किंवा घाटघरसारखे (२५० मेगावॅट) उदंचन जलविद्युत प्रकल्प (जादा विजेने पाणी वर चढवून गरजेच्या वेळी त्यातून वीज काढणारे) लागतात.

२००५ ते २०२० या काळात देशाच्या सकल उत्पादनामागचे उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले, पण एकूण उत्सर्जन वाढलेच. २०२० मध्ये आदल्या वर्षाच्या तुलनेत झालेली घट मुख्यतः टाळेबंदीची होती. मागणीत दरवर्षी होणाऱ्या वाढीपेक्षा जास्त नवी स्वच्छ वीज प्रत्यक्षात तयार होऊ लागली, तरच कोळशाचा वापर खाली येतो. मागणीची वाढ कार्यक्षमतेने आवरली, तर ही वेळ लवकर येते. म्हणून या दोन उपायांचे फायदे वेगवेगळे मोजून त्यांची बेरीज करणे चुकीचे आहे.

महाराष्ट्रातल्या शेतीपंपांवर हे दोन्ही धागे एकत्र येतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत (२०१७) उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीला) दिवसा वीज दिली जाते. रात्री येणाऱ्या लाईटसाठी हातात टॉर्च घेऊन, साप-विंचवाच्या भीतीत बांधावर उभे राहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा आहे. ऊन असतानाच वीज वापरली जात असल्याने साठवणीचा खर्च टळतो, आणि जवळच तयार झाल्याने वाहिन्यांतली गळतीही घटते. पंप मात्र बहुधा जुनाच, अनेकदा रिवाइंड केलेला असतो. वीज फुकट किंवा नाममात्र दरात असल्यावर तारांकित मोटर घेण्याचे कारण उरत नाही, आणि विहिरीची पातळी खाली गेली की तेवढ्याच पाण्याला जास्त युनिट लागतात.