एल्साच्या बंद दारामागे

हातातून बर्फ निर्माण करणारी आणि त्याच शक्तीच्या धास्तीने धाकट्या बहिणीला, ॲनाला, दाराबाहेर ठेवणारी एल्सा २०१३ साली डिस्नीच्या ‘फ्रोझन’ या चित्रपटातून जगभर पोहोचली. तिचे मूळ हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या, डिसेंबर १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिमराणीच्या डॅनिश कथेत सांगितले जाते. पण सात भागांच्या त्या कथेत राणीच्या मनाचा ठाव कुठेच लागत नाही. ती काई नावाच्या मुलाला पळवून नेते, आणि त्याची मैत्रीण गेर्डा हिच्या ऊन आसवांनी त्याचे गोठलेले काळीज वितळते तेव्हा राणी महालात हजरही नसते. अँडरसन यांच्या आत्मचरित्रात एक आठवण आहे: गोठलेल्या काचेवर हात पसरलेल्या स्त्रीची आकृती दाखवून ती आपल्याला न्यायला आली आहे, असे वडील थट्टेने म्हणाले होते आणि ते वारले तेव्हा आईला तेच आठवले. ही आकृती म्हणजे मृत्यूच; तिला कसले आले एकाकीपण?

डिस्नीतही एल्सा आधी खलनायिकाच होती, निळसर कातडीची आणि ताठ उभ्या केसांची. गीतकार दाम्पत्य क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ यांनी ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये फिरता फिरता तिच्या बाजूने विचार करून ‘लेट इट गो’ रचले, आणि ते ऐकल्यावर जेनिफर ली व ख्रिस बक या दिग्दर्शकांना तिला दुष्ट ठेवणे शक्य राहिले नाही. पटकथा मग पुन्हा लिहावी लागली. आठव्या वर्षी खेळताना बहिणीला झालेली इजा, आईवडिलांनी भल्यासाठीच चढवलेले हातमोजे, भावना लपवण्याची ताकीद आणि राज्याभिषेकापर्यंत तेरा वर्षे मिटलेले दार, हा सगळा भाग अँडरसन यांच्या कथेत नाही. शक्ती वयाबरोबर वाढते, पण अनावर होते ती भीतीमुळे, हे सूत्रही नवेच.

ते गाणे मुक्तीचे म्हणून गाजले, त्याला ऑस्करही मिळाले. कथेत मात्र तो तिच्या एकटेपणाचा कळस आहे. ती डोंगरावर महाल उभारते तेव्हा खाली ऐन उन्हाळ्यात तिचे राज्य अरेंडेल गोठलेले असते. २०१९ च्या दुसऱ्या भागात तिच्या शक्तीला निसर्गाचे वरदान ठरवून जादुई वनाशी जोडले गेले आणि सिंहासन ॲनाकडे गेले. या खुलाशाने, माझ्या मते, पहिल्या भागातील भीतीची धार बोथटच झाली.