टायरची नक्षी शाबूत, म्हणजे टायर ठणठणीत?

"गाडी उभीच होती, टायर झिजलेच नाहीत, बिनधास्त मुंबईला आणा." गावी वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या गाडीबद्दल हा सल्ला हमखास मिळतो. पटतोही, कारण झीज डोळ्यांना दिसते, रबराचं वय दिसत नाही. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन यांनी रबर न चालताही कडक होत जातं. असा टायर वेगात तापला की आतले थर सुटू शकतात.

टायरच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. (कधी कधी ते आतल्या बाजूला असतात, वाकावं लागतं.) दहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही देखणी असो, बदलाच. त्याआधीही कडेला बारीक भेगा दिसल्या तर टायरवाल्याला दाखवा. स्टेपनीसुद्धा, बहुधा तीच सगळ्यांत म्हातारी निघते.