पायथनमधील एन्युमरेट : घटक आणि त्याचे स्थान
पुण्यातील मानाच्या पाच गणपतींची यादी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली, तर नावे एकामागून एक छापण्यासाठी साधे फॉर लूप (तीच कृती प्रत्येक घटकासाठी पुन्हा करणारी रचना) पुरते. परंतु या यादीत नावाइतकाच क्रमालाही मान आहे. कसबा पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, गुरुजी तालीम तिसरा, हे नावासोबत दाखवायचे असेल, तर प्रत्येक फेरीत घटक आणि त्याचे स्थान, दोन्ही हाती यावे लागते. आज हे काम एन्युमरेट हे फंक्शन करते. पायथनची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, हे फंक्शन मात्र जुलै २००३ मधील २.३ या आवृत्तीत आले.

१९५७ च्या फोरट्रानपासून सी भाषेपर्यंत लूप हे प्रामुख्याने मोजणीचे साधन होते. क्रमांक आपोआप मिळे आणि त्याच्या आधारे घटक काढून घ्यावा लागे. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत तयार झालेल्या एबीसी भाषेत लूप थेट घटकांवर फिरत असे, आणि त्या भाषेवर काम केलेल्या खीदो व्हान रॉसम यांनी तीच पद्धत पायथनमध्ये आणली. त्यामुळे घटक सहज मिळू लागला, पण क्रमांक दिसेनासा झाला. गंमत अशी, की २.२ पूर्वीच्या आवृत्त्यांत इंटरप्रिटर (पायथनचा प्रोग्राम चालवणारी प्रणाली) स्वतः शून्य, एक, दोन असे मोजतच यादीकडे घटक मागत असे. ती मोजणी प्रोग्रामरला मात्र उपलब्ध नव्हती.

यावर दोन तोडगे रूढ झाले. पहिल्यात रेंज (क्रमांकांची मालिका देणारे फंक्शन) आणि लेन (यादीची लांबी सांगणारे फंक्शन) यांची सांगड घालून सीच्या वळणाचे लूप लिहिले जाई. दुसऱ्यात वेगळा काउंटर ठेवून तो हाताने वाढवला जाई; वाढवण्याची ओळ लूपच्या शेवटी असली आणि मध्येच कंटिन्यू (उरलेल्या ओळी सोडून पुढच्या फेरीत नेणारी आज्ञा) आले, की पुढचे सगळे क्रमांक चुकत.

पीटर श्नायडर-कॅम्प यांनी ऑगस्ट २००० मध्ये पेप २१२ (पेप म्हणजे पायथनमधील सुधारणेचा औपचारिक प्रस्ताव) मांडला. त्यात फॉरच्या व्याकरणात नवा शब्द घालण्याचा पर्यायही होता. हा प्रस्ताव पुढे नाकारला गेला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण २००१ अखेरच्या २.२ आवृत्तीत इटरेटर आणि जनरेटर (घटक मागणीनुसार एकेक करून देणाऱ्या सोयी) आल्यावर प्रश्नाचे स्वरूपच बदलले. फाइलमधल्या ओळींवरही आता थेट लूप फिरवता येऊ लागले, आणि फाइलला लेन लागू होत नसल्याने रेंजचा जुना तोडगा तेथे निरुपयोगी होता. रेमंड हेटिंजर यांनी जानेवारी २००२ मध्ये मांडलेल्या पेप २७९ ने व्याकरणाला हातच लावला नाही. एन्युमरेट क्रमांक व घटक यांची जोडी मागणीनुसार एकेक करून देते, मूळ यादीची प्रत करत नाही, आणि जोडी दोन नावांत उलगडण्याची सोय फॉरमध्ये आधीपासूनच होती. (हेच हेटिंजर २०११ मध्ये पुण्यात झालेल्या पायकॉन इंडियाचे प्रमुख वक्ते होते.)

मोजणी शून्यापासून होत असल्याने वरच्या यादीत कसबा गणपतीला शून्य क्रमांक मिळतो, जे कोणताही पुणेकर मान्य करणार नाही. २००८ च्या २.६ आवृत्तीत स्टार्ट हा पर्याय आल्यावर एकपासून मोजता येऊ लागले. मात्र त्याने केवळ क्रमांक बदलतो, यादीतील एकही घटक वगळला जात नाही.