पंचायतीतनं संसदेपर्यंत: बेळगाव भागात उभं राहायचं तर कुठला कागद कुठं लागतो

इलेक्शन जवळ आलं की गल्लीत एकजण तरी म्हणतोच, यंदा आपणपण अर्ज भरूया. भरा की, कोण नको म्हणतंय. पण आपण सीमाभागात राहतो आणि मतदार यादीत नाव नेमकं कुठं आहे ह्यावर सगळं अडतं, आणि प्रत्येक पायरीला तो नियम वेगळा आहे हे आधी बघून घ्या.

सगळ्यात खाली ग्रामपंचायत. वय २१ पूर्ण पाहिजे आणि नाव त्याच पंचायतीच्या यादीत पाहिजे. साधारण ४०० लोकसंख्येमागं एक मेंबर, निम्म्या जागा बायकांना, आणि कर्नाटकात ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, म्हणजे पॅनेल कुणाचंही असलं तरी कागदावर पक्ष नसतोय. वॉर्ड राखीव असला तर जातीचा दाखला नाडकचेरीतनं, म्हणजे आपल्या भागातल्या महसूल कचेरीतनं, आधीच काढून ठेवा, अर्ज सुरू झाल्यावर तिथं जत्रा असते. आणि मेंबरकीला कमी समजू नका, विधान परिषदेच्या स्थानिक संस्था मतदारसंघात हेच मेंबर मतदार असतात, त्या महिन्यात मोठमोठे पुढारी आपणहून चहाला येतात.

मधली पायरी तालुका आणि जिल्हा पंचायतीची. २०१६ ला निवडणुका झाल्या, २०२१ ला मुदत संपली आणि नंतर वॉर्डरचना, आरक्षण ह्यात वर्षानुवर्षं अडकून पडल्या. पंचायतीतनं वर जाणाऱ्या कित्येक पोरांचं वय ह्या वाट बघण्यातच गेलं.

शहरात महापालिका, ५८ वॉर्ड, वय २१. २०२१ ला पहिल्यांदा इथं पक्षाच्या चिन्हांवर मतदान झालं, त्याआधी मराठी की कानडी ह्यावरच लढत असायची. संभाजी पाटील ह्याच वाटेनं गेले, आधी महापौर आणि २०१३ ला समितीकडनं, म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीकडनं, बेळगाव दक्षिणचे आमदार.

आता आमदारकी. वय छाननीच्या दिवशी २५ पूर्ण पाहिजे. नाव त्याच मतदारसंघात नसलं तरी चालतं पण कर्नाटकातल्याच कुठल्यातरी मतदारसंघात पाहिजे, आणि दुसरीकडे असलं तर तिथल्या यादीचा सर्टिफाइड उतारा अर्जासोबत द्यायचा. म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगडचा मतदार कितीही जवळचा पाहुणा असला तरी खानापुरात आमदारकीला उभा राहू शकत नाही. लोकसभेला मात्र तोच माणूस बेळगावातनं उभा राहू शकतो, कारण तिथं देशातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार चालतो, नुसता तो उतारा जोडायचा. दोन्हीकडं नाव ठेवलेलं असलं तर ते आधी मिटवा, तो कायद्यानं गुन्हा आहे.

फॉर्म विधानसभेला टू-बी, लोकसभेला टू-ए. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असला तर एक सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारा मतदार, पुरतो, बाकीच्यांना दहा, आणि समितीचे उमेदवार कागदावर अपक्षच धरतात म्हणून त्यांनाही दहाच. हे दहाही त्याच मतदारसंघातले पाहिजेत. आमच्या ओळखीतल्या एकाचा ह्यातच घोळ झालेला, बेळगावच्या उपनगरात एका रस्त्याच्या अलीकडं ग्रामीण आणि पलीकडं दक्षिण असं आहे, दहातले दोघं पलीकडचे निघाले आणि शेवटच्या दिवशी दोन वाजता नवीन माणसं शोधत गाडी फिरवावी लागली. म्हणून सूचकाचा भाग नंबर आणि अनुक्रमांक यादीत स्वतः बघा, त्यानं सांगितलेल्यावर जाऊ नका. कुणी अंगठा देणारा असला तर तो घरात उठवून आणलेला चालत नाही, अधिकाऱ्यासमोर द्यावा लागतो. एका उमेदवाराला चार सेटपर्यंत अर्ज भरता येतात, तर दोन-तीन भरूनच ठेवा, वेगवेगळे सूचक घालून.

अनामत विधानसभेला १० हजार, लोकसभेला २५ हजार, अनुसूचित जाती-जमातीला निम्मी. ह्या रकमेमागं बेळगावचाच हात आहे बघा. १९९६ ला सीमाप्रश्नाकडं लक्ष वेधायला म्हणून बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहिले होते, तेव्हा अनामत होती ५०० रुपये. नलगोंडा आणि तमिळनाडूतल्या मोडकुरिचीतपण तेव्हा असंच झालेलं, मग त्याच वर्षी कायदा बदलून अनामत वाढवली आणि दहा सूचकांची अट आली. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशपेक्षा जास्त मतं लागतात. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळके ह्यांना १ लाख १७ हजारावर मतं पडली, तेवढीपण त्याला पुरली नाहीत.

खरं डोकं लागतं ते फॉर्म २६ ला, म्हणजे प्रतिज्ञापत्राला. स्वतःचं, नवरा-बायकोचं, अवलंबून असणाऱ्यांचं सगळं, पॅन, पाच वर्षांचं उत्पन्न, जमीन, सोनं, कर्ज, आणि केसेस. आपल्याकडं १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीपासनं कुठल्या कुठल्या केसेस अंगावर असतात आणि माणूस विसरून जातो. केस चालू आहे म्हणून अर्ज बाद होत नाही, पण लपवली तर अडचण आहे, म्हणून वकिलाकडनं सगळे नंबर काढून घ्या. शिवाय ह्या केसेसची जाहिरात पेपरात आणि टीव्हीवर तीन वेळा द्यावी लागते, तो खर्च पण धरा. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असली तर मात्र सुटल्यावर सहा वर्षं थांबायचं. एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, लागू नसलं तर ‘लागू नाही’ लिहा, नोटरी करा.

बँकेत निवडणुकीसाठी वेगळं खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं पाहिजे. पक्षाचं तिकीट असलं तर ए आणि बी फॉर्म शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोचला पाहिजे. अर्ज दिल्यावर शपथ घ्यायला विसरू नका, ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत झाली पाहिजे. नावाच्या स्पेलिंगमध्ये कानडी-मराठीचा किरकोळ फरक असला तर घाबरू नका, तेवढ्यावर अर्ज बाद करता येत नाही.

खानापूरकरांनी एक लक्षात ठेवा, तुमचा तालुका आणि कित्तूर हे लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये जातात, तिथला अर्ज कारवारला. जिल्ह्यात १८ आमदार, पण खासदारकीला असे तीन तुकडे.

आणि पायऱ्या चढायलाच पाहिजेत असा कायदा नाही. २०२४ ला चिक्कोडीतनं प्रियांका जारकीहोळी पहिल्याच निवडणुकीत खासदार झाल्या, आता वडील मंत्री असणं हा काय फॉर्ममधला रकाना नव्हे.

खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यायचा, हरलेल्यानंसुद्धा. ते राहिलं तर आयोग तीन वर्षं अपात्र करू शकतो, आणि हरल्यावर बिलं गोळा करायला कुणीच जाग्यावर नसतंय, म्हणून हिशोब ठेवणारा माणूस पहिल्या दिवशीच धरून ठेवा.