रंगायन

मुंबईतील मराठी प्रायोगिक नाट्यसंस्था. स्थापना १९६०. दिग्दर्शिका विजया मेहता (जन्म १९३४), नाटककार विजय तेंडुलकर (१९२८–२००८), नट-दिग्दर्शक अरविंद देशपांडे (१९३२–८७) आणि नट श्रीराम लागू (१९२७–२०१९) ही चार नावे संस्थापक म्हणून बहुधा एकत्र येतात. अरविंद यांच्या पत्नी व अभिनेत्री सुलभा देशपांडे, नट माधव वाटवे आणि निर्मितीची व्यवस्था पाहणारे अरुण काकडे ही नावेही संस्थेच्या इतिहासापासून वेगळी काढता येत नाहीत. कर्नाटकात म्हैसूर येथे १९८९ साली बा. वि. कारंत यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘रंगायण’ या शासकीय नाट्यसंस्थेशी प्रस्तुत संस्थेचा संबंध नाही.

स्थापनेचे वर्ष १९६० हे सर्वमान्य असले, तरी संस्थेचा आरंभ त्याच वर्षी झाला असे मानणे तितकेसे बरोबर ठरत नाही. तेंडुलकरांची ‘श्रीमंत’ आणि ‘माणूस नावाचे बेट’ ही सुरुवातीची नाटके १९५५-५६ च्या सुमारास रंगमंचावर आली. पुढे ‘रंगायन’ म्हणून ओळखली गेलेली मंडळी तेव्हापासूनच एकमेकांच्या कामात होती. विजयाबाई त्या वेळी विजया जयवंत, नंतर काही काळ विजया खोटे या नावाने वावरत, त्यामुळे जुन्या श्रेयनामावल्यांत एकाच व्यक्तीची तीन नावे आढळतात. १९६० साली एका चालू कामाला नाव व घटना मिळाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

विजयाबाईंच्या प्रशिक्षणाबाबतही संदर्भग्रंथांत एक चूक वरचेवर उतरली आहे. त्यांनी दिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांच्याकडे ‘दिल्लीत’ शिक्षण घेतले, असे काही नोंदींत म्हटलेले असते. अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक म्हणून दिल्लीला गेले ते १९६२ मध्ये. त्यापूर्वीचे त्यांचे नाट्यकार्य मुंबईत, इंग्रजी रंगभूमीवर होते आणि विजयाबाईंनी त्यांच्याजवळ केलेली उमेदवारीही त्या मुंबईतील काळातली. पारशी-गुजराती रंगभूमीवरील दिग्दर्शक आदी मर्झबान हे विजयाबाईंचे दुसरे गुरू, तेही मुंबईचेच. ‘रंगायन’च्या घडणीत मुंबईच्या इंग्रजी व पारशी-गुजराती रंगभूमीचा वाटा किती, हा प्रश्न यामुळे महत्त्वाचा ठरतो. नटाच्या देहबोलीवर आणि समूहरचनेवर दिलेला भर, तसेच महिनोन्‌महिने चालणारी तालीम ही शिस्त मराठी हौशी मंडळांतून आलेली दिसत नाही.

लागूंचे संस्थापकत्व थोडे जपून वाचावे लागते. ते कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते, पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचे ते आधारस्तंभ आणि साठच्या दशकाचा काही भाग त्यांनी टांझानियातील टबोरा येथे वैद्यकीय व्यवसायात घालवला. भारतात असताना ते ‘रंगायन’मध्ये काम करीत. पूर्णवेळ नट ते १९६९ च्या सुमारास झाले. संस्थेच्या दैनंदिन कामाचा भार देशपांडे दांपत्य आणि काकडे यांच्यावर अधिक होता, ही गोष्ट प्रसिद्ध नावांच्या प्रभावळीत मागे पडते. तेंडुलकर वृत्तपत्रात नोकरी करीत, सुलभाबाई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. पोटापाण्याचा उद्योग एकीकडे आणि नाटक दुसरीकडे, अशीच या कलावंतांची घडी होती. नाटकाने पोट भरावे ही अपेक्षा नसल्यामुळेच युजीन आयनेस्कोचे ‘खुर्च्या’ (मराठी रूप वृंदावन दंडवते) मराठीत करून पाहण्याचे धाडस त्यांना झाले.

तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ (१९६३) हे संस्थेच्या पहिल्या टप्प्यातील उल्लेखनीय नाटक. विजयाबाईंनी दिग्दर्शित केलेला त्याचा प्रयोग १९६४ साली महेश एलकुंचवार यांनी पाहिला आणि नाटक लिहावे असे त्यांना त्यातून वाटले. चिं. त्र्यं. खानोलकर यांचे ‘एक शून्य बाजीराव’ (१९६६) हे संस्थेचे सर्वांत अवघड निर्मितिकार्य म्हणावे लागेल. काव्यमय, तुटक आणि लोकनाट्याच्या अंगाने वळसे घेणारी ही संहिता तोवरच्या संवादप्रधान दिग्दर्शनाला पेलणारी नव्हती. माधव वाटवे यांनी त्यात बाजीराव साकारला. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या प्रयोगाला मिळायला हवी तेवढी जागा अद्याप मिळालेली नाही.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या कालनिर्णयात गोंधळ आहे. काही इंग्रजी नोंदी लेखनाचे वर्ष १९६३ देतात, काही पहिला प्रयोग १९६८ मध्ये झाला असे म्हणतात. हे नाटक महाराष्ट्र राज्य नाट्यस्पर्धेसाठी ‘रंगायन’ला हवे होते आणि स्पर्धेतील प्रयोग डिसेंबर १९६७ मध्ये झाला; संहितेचे लेखनही त्याच निकडीत पुरे झाले असावे, असे मानणे सयुक्तिक ठरते. अभिरूप न्यायालयाचा (लुटुपुटीच्या खटल्याचा) प्रयोग करायला निघालेली एक हौशी मंडळी तेंडुलकरांना पार्ल्यात भेटली आणि त्यांच्या गप्पांतून नाटकाचे बीज मिळाले, ही हकिकत खुद्द लेखकाने सांगितलेली आहे. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे. खटल्यात आरोपी ठरवल्या जाणाऱ्या लीला बेणारेची मुख्य भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. दाराच्या कडीत बोट चेमटण्यापासून भ्रूणहत्येच्या आरोपापर्यंत खेळाचे रूपांतर शिकारीत होत जाते, ते एकाच खोलीत. शेवटचे दीर्घ स्वगत मूळ आराखड्यात नव्हते आणि दिग्दर्शकाच्या आग्रहावरून ते लिहिले गेले, असे सांगितले जाते. हे खरे धरले, तर मराठीतील सर्वांत गाजलेल्या स्त्री-स्वगतांपैकी एकाचे श्रेय तालमीच्या खोलीलाही द्यावे लागते. सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली या नाटकावर चित्रपट केला.

अखेरच्या टप्प्यात, १९६९-७० मध्ये, विजयाबाईंनी एलकुंचवारांच्या ‘सुलतान’, ‘होळी’ इत्यादी एकांकिका केल्या. ‘सुलतान’ १९६७ साली ‘सत्यकथा’ मासिकात आली होती. ती वाचून दिग्दर्शिकेने नागपूरच्या या अपरिचित लेखकाला शोधून काढले, ही संस्थेची शेवटची मोठी कामगिरी. या लेखक-दिग्दर्शक जोडीचे पुढचे फळ म्हणजे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५), अर्थात ते ‘रंगायन’चे नव्हे.

मतभेदांनंतर १९७१ मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ ही संस्था काढली. गिरीश कार्नाड यांच्या ‘तुघलक’ने तिचा आरंभ झाला, मराठी रूपांतर तेंडुलकरांचे, प्रमुख भूमिकेत अरुण सरनाईक. त्यानंतर ‘रंगायन’ फार काळ टिकली नाही. विजयाबाई दि गोवा हिंदू असोसिएशनसारख्या संस्थांमधून ‘संध्याछाया’ (१९७३), ‘बॅरिस्टर’ (१९७७) अशी नाटके करू लागल्या आणि प्रायोगिक शिस्त व्यावसायिक रंगमंचावर आली. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्यासह त्यांनी ब्रेख्तचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केले, त्याचे मराठी रूप पुन्हा खानोलकरांचे होते. ‘आविष्कार’ने १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि ती जागा नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत अनेक लहान संस्थांचे घर बनली. मुलांसाठीचा ‘चंद्रशाला’ हा विभाग सुलभाबाईंनी चालवला. ‘दुर्गा झाली गौरी’ हे त्याचे बहुपरिचित नृत्यनाट्य. अरुण काकडे २०१९ साली झालेल्या निधनापर्यंत ‘आविष्कार’चे काम पाहत होते.