जुन्या डेटात दडलेले क्षणिक रेडिओ स्फोट: पार्श्वभूमी

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलांना रेडिओ खगोलशास्त्र दूरचं वाटतं. जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना नारायणगावजवळ खोडद परिसरात. आपण सीमाभागात बसून काय शोधणार? पण या क्षेत्रातला एक मोठा शोध, म्हणजे अवकाशातून काही मिलिसेकंदांपुरते येणारे क्षणिक रेडिओ स्फोट, लागला तो साठवलेल्या डेटात, आणि तो प्रथम दिसला पदवीच्या एका विद्यार्थ्याला.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीने २००१ साली मॅगेलनी मेघांमध्ये, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांमध्ये, पल्सार (रेडिओ ठोके देणारे, फिरणारे न्यूट्रॉन तारे) शोधले. पल्सार ठरावीक तालात स्पंदतात, म्हणून संगणकही तालच शोधत होता. एकदाच येऊन गेलेला ठोका त्या चाळणीतून निसटला. २००६ साली खगोलशास्त्रज्ञ मॉरा मॅक्लॉक्लिन आणि सहकाऱ्यांनी पार्क्सच्याच जुन्या नोंदींत सुटे ठोके शोधले, तेव्हा अधूनमधूनच चमकणारे ११ तारे सापडले. मग खगोलशास्त्रज्ञ डंकन लॉरिमर यांनी मॅगेलनी मेघांचा डेटा पुन्हा काढला आणि त्यांचा विद्यार्थी डेव्हिड नार्केविक तो तपासू लागला.

हा डेटा दिसायला अगदी साधा: वारंवारितेच्या ९६ अरुंद वाहिन्या आणि दर मिलिसेकंदाला प्रत्येकीची एक बिट. अवकाशातल्या इलेक्ट्रॉनांमधून येताना कमी वारंवारितेच्या लहरी मागे पडतात, त्यामुळे एकच ठोका आलेखावर वाकडा पसरतो. किती उशीर झाला असेल याचे शेकडो अंदाज धरायचे, दर वेळी वाहिन्या तेवढ्या सरकवून बेरीज करायची आणि कुठे टोक वर येतं ते पाहायचं. अशा शोधात ५ मिलिसेकंदांहून छोटा एक स्फोट निघाला. तो इतका प्रखर होता की दुर्बिणीच्या एका बीममध्ये (ती एका वेळी पाहते त्या आकाशाच्या अनेक ठिपक्यांपैकी एकात) यंत्रणेची मर्यादाच ओलांडली गेली. उशीर एवढा मोठा होता की उगम आपल्या आकाशगंगेबाहेरच असणार. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

शंका मात्र बरीच वर्षं टिकली, आणि ते योग्यच होतं. पार्क्सला तसेच दिसणारे काही संकेत पृथ्वीवरचेच निघाले. मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना दार उघडल्याने ते उमटत होते, हे २०१५ मध्ये सिद्ध झालं. तोवर २०१३ साली पार्क्सकडूनच आणखी चार खरे स्फोट जाहीर झाले होते. २०१२ मध्ये पोर्टो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीला दिसलेला स्फोट पुढे पुन्हा पुन्हा होताना आढळला, आणि २०१७ मध्ये त्याचं घर सुमारे ३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका छोट्या दीर्घिकेत सापडलं. २०२० साली आपल्याच आकाशगंगेतल्या एका मॅग्नेटारनेही (अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्यानेही) असा झोत सोडला.

मला सर्वांत मोलाची वाटते ती २०१९ मधली घटना. लॉरिमर यांचा स्फोट ज्या डेटात होता, त्याच डेटात मार्च २००१ चा आणखी एक स्फोट मिळाला. इतक्या नामांकित नोंदींतही तो अठरा वर्षं कुणाला दिसला नव्हता. पार्क्सचा पल्सार डेटा साधारण अठरा महिन्यांनी सर्वांना खुला होतो, आणि सुटे ठोके शोधणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. फायली मोठ्या असतात, तेव्हा आधी एखादा परिचित पल्सार घेऊन त्याचे ठोके आपल्या संगणकावर उमटतात का, हे मुलांनी पाहावं.