फवारणी थांबली, तरी दुधात अंश का?

खानदेशात दुधातल्या कीटकनाशक औषधाच्या अंशाचा विषय निघाला की बोट लगेच आजच्या कपाशीकडे जातं. मात्र जनावराच्या अंगात साठणाऱ्या विषाचा मागोवा घरांच्या भिंतींपासून घ्यावा लागतो. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि डासांसाठी घरांच्या भिंतींवर फवारायची डीडीटी गावोगाव पोचली. मागोमाग बीएचसी आली, म्हणजे गॅमेक्झिन पावडर. ती पिकांवर धुरळली गेली, गोचिडांसाठी गुरांच्या अंगावरही चोळली गेली. डास मेले, कीड मेली, म्हणून लोकांचा त्यांवर विश्वास बसला, आणि तो अनाठायी नव्हता.

अडचण पुढे कळली. ही ऑरगॅनोक्लोरीन, म्हणजे क्लोरीन असलेल्या सेंद्रिय रसायनांच्या गटातली औषधं पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज मुरतात. मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात. तिथून चाऱ्यातून, सरकीच्या ढेपेतून गाय-म्हशीच्या पोटात जातात. शरीर डीडीटीचं डीडीई करतं, पण ते आणखी चिवट. लघवीवाटे फारसं बाहेर पडत नाही, चरबीत थर चढत जातो. दुभत्या जनावरात बाहेर पडायची मोठी वाट एकच, दुधातलं स्निग्ध. म्हणून दुधापेक्षा लोण्या-तुपात प्रमाण जास्त.

आपल्याकडचा उन्हाळा इथे आठवावा. चारा संपतो, जनावर खंगतं, अंगातली चरबी वितळते आणि पूर्वी साठलेलं रक्तात, दुधात उतरतं. त्या महिन्यात कुठेच फवारणी झालेली नसते!

हे साठणं किती वाढत जातं, ते अमेरिकेत दिसलं. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक तलावात १९४९ पासून चिलटांसाठी डीडीटीच्याच जातीची डीडीडी टाकली. पाण्यात प्रमाण ०.०२ पीपीएम (दहा लाख भागांतले भाग), तर मेलेल्या पाणपक्ष्यांच्या चरबीत १६०० पीपीएमपर्यंत. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९३ च्या अहवालात बारा राज्यांतल्या दुधाच्या बहुसंख्य नमुन्यांत डीडीटी आढळली. १९८९ मध्ये तिचा शेतीतला वापर बंद झाला, १९९७ मध्ये बीएचसीवर बंदी आली, २०११ मध्ये त्याच गटातल्या एंडोसल्फानवर.

आजची बहुतेक औषधं लवकर विघटित होतात, तशी साठत नाहीत. तरीही ताज्या फवारणीच्या शेतातलं गवत गुरांना घालणं धोक्याचंच. आणि गावातल्या संकलन केंद्रावर फॅट (स्निग्ध) आणि एसएनएफ (स्निग्ध सोडून उरलेले घनपदार्थ) मोजून भाव ठरतो. त्याच फॅटमधला अंश तिथे कोणी मोजत नाही, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो.